ओळ एकशे बारा

पा हुआ थाओ समोर बसली आहे,
अंगात भावाचं जाकीट, बाह्या बोटांच्याही पुढे.
टेबलावर तिचा निबंध.
मर्यादा साडेसहाशे शब्दांची, तिचे सहाशे सत्तेचाळीस.
पहिलंच वाक्य:
‘मी शाळेचं जेवणखातं हॅक केलं.’

मी लाल पेन्सिल उचलते.
बावीस वर्षं या खोलीत हेच करत आले,
मुलांच्या वाक्यांची नखं कापायची
आणि त्यांना पाहुण्यांसमोर नीट बसवायचं.

‘हा शब्द काढ.’
‘कुठला?’
तिला ठाऊक आहे कुठला.
‘तिकडे एक माणूस दिवसाला साठ अर्ज वाचतो, पा हुआ.
या शब्दाशी त्याचा हात थबकेल.
लिही, संगणक-सुरक्षेची आवड आहे. लिही,
वाचनालयात म्हाताऱ्यांना पासवर्ड बदलायला शिकवलं.
तेही खरंच ना?’
‘खरंय. पण ते नंतरचं. शिक्षा म्हणून केलेलं.’

खिडकीबाहेर वॉसाव, ऑक्टोबरची अखेर,
कागद गिरणीचा तो उकडलेल्या कोबीसारखा वास.
नदीपल्याडच्या जिनसेंगच्या वाफ्यांवरून
काळी कापडं उतरवताहेत.

मार्चमध्ये तिने एवढंच केलं होतं:
पत्त्याच्या ओळीत स्वतःचा क्रमांक दिसला,
त्यात एक मिळवला.
शेजारच्या मुलाचं खातं उघडलं. नाव, उधारी, सवलतीचा शिक्का.
आणखी एक. आणखी एक.
कुलूप कच्चं होतं असं नाही.
भिंतीवर दाराचं नुसतं चित्र होतं.

सोमवारी चार पानी अहवाल मुख्याध्यापकांच्या हातात,
बुधवारी तीन दिवसांचं निलंबन तिच्या हातात.
चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, असं मी तेव्हा म्हणाले नाही.
मी म्हणाले, नियम आहेत.
कंपनीला भोक बुजवायला जून उजाडला.

निबंधात पुढे तिची आई आहे,
रात्री कोर्टाची इमारत पुसणारी,
कमरेला एकोणचाळीस किल्ल्या.
‘आईला अजून कोणी विचारलेलं नाही
की तू कुठली कुठली दारं उघडू शकतेस.
आई म्हणते, दार उघडं राहिलेलं दिसलं
तर आत बघायचं नाही, साहेबाला उठवायचं.
मी बघितलं. मग उठवलं.’

‘बघितलं’खाली मी लाल रेघ ओढते,
आणि शेवटी जोडलेला अहवाल चाळायला घेते,
उगाच, तिच्या नजरेला नजर द्यायला नको म्हणून.

नावं खोडलेली. हाताने, पट्टी लावून, काळ्या शाईने,
एकेक ओळ.
आकडे तेवढे ठेवलेत.
ओळ एकशे बारा: उणे एकेचाळीस डॉलर साठ सेंट.

तो फेब्रुवारी. गाडीचा हीटर गेला होता,
वकिलाचं बिल आलं होतं,
आणि माझा आंतोन जेवणाच्या रांगेतून
चीज सँडविच घेऊन परतायचा, गरम ताट नाही.
हा आकडा मला जुन्या फोन नंबरासारखा पाठ आहे.
या इमारतीत मी कोणालाच सांगितलं नव्हतं.

कागद दिव्यासमोर धरते.
काही दिसत नाही.
तिने मागूनही शाई फिरवली आहे.

मार्चपासून रोज सकाळी जिन्यात
‘गुड मॉर्निंग, मिसेस ड्रेसेल’,
ना एक डिग्री जास्त ऊब, ना कमी.
सतरा वर्षांची पोर,
सात महिने मूठ झाकून हिंडतेय,
आणि मूठ माझी.

‘तीन शब्द उरलेत,’ मी म्हणते. आवाज जरा घोगरा.
‘राहू देत,’ ती म्हणते. खिडकीकडे बघत.
केव्हापासून खिडकीकडे बघतेय ही?

ती गेल्यावर माझा फॉर्म उघडते.
विद्यार्थ्यावर शिस्तभंगाची कारवाई झाली आहे काय?
होय.
असल्यास खुलासा करा.

नियम, तारीख, तीन दिवस, एवढं लिहून होतं.
पण तिच्यावर विश्वास का ठेवावा, त्याचा पुरावा
माझ्याजवळ एकच आहे,
आणि तो उघडायचा तर आधी माझं दार उघडावं लागतं.

गिरणीचा पाचचा भोंगा होतो.
पट्टी लावून ओढलेली ती काळी रेघ
बोटाने चाचपत मी बसून राहते.
मग लिहिते: माझ्या मुलाचं नाव आंतोन.